आज्याचं जुनेर

बारशाच्या दिवशी अंजूरला तऱ्यांच्या घरात दोन माणसं आजारी होती, आणि दोघांनाही आजारी म्हणायचं नाही असं धोंडूबाईने परस्पर ठरवून टाकलं होतं. एक तिचा नवरा हिरामण, पोरांचे तात्या. धामणकर नाक्यावर रिक्षा उलटून मांडीचं हाड मोडलं, हॉस्पिटलात आत सळई घातली, टाके घालून घरी पाठवलं, आणि घरी आल्यावर त्या टाक्यांतून जो पू वाहायला लागला तो काही केल्या थांबेना. "भरतंय हलूहलू," असं ती विचारणाऱ्याला सांगायची. दुसरा तिचा नातू, ज्याचं बारसं होतं तोच. पोर आदल्या दिवसापासून अंगावर पीत नव्हतं. "निजलंय तर निजू दे," असं म्हणून तिने मृणालीला, पोटच्या लेकीला, गप्प केलं होतं.

वाईट बाई नव्हती हो ती. पण हे बाळंतपण तिने भांडून आणलं होतं. मृणालीच्या सासूबाई माधवीताई कर्णिक, भिवंडीत शाळेवर उभा जन्म काढलेल्या. त्यांचं म्हणणं होतं की व्याही अंथरुणाला खिळलेले असताना सून माहेरी कशाला पाठवायची? पण पहिलं बाळंतपण माहेरी, यावर धोंडूबाई अडून बसली. मुलाने आगऱ्याची पोरगी केली म्हणून लग्नात तोंड फुगवून बसलेल्या माधवीताई पुढे खाडीतल्या निवट्यांच्या कालवणावर विरघळल्या होत्या, सूनही त्यांना आवडत होती, पण या बाबतीत त्यांना माघार घ्यावी लागली आणि ती त्या विसरल्या नव्हत्या. तेव्हा आज त्यांच्यासमोर घरात कोणाला कणकण आहे असं निघालं असतं तर धोंडूबाईची सगळ्या गावात शोभा झाली असती. निदान तिला तसं वाटत होतं.

दुपारी बायका जमल्या. पाळण्याला झेंडूच्या माळा लावल्या होत्या, घुगऱ्या वाटून झाल्या होत्या. मृणाली नवी साडी नेसून पाटावर बसली होती आणि पदर सारखा घट्ट ओढून घेत होती. तिच्या डाव्या बाजूला ठणका लागला होता, दुधाची गाठ दगडासारखी झाली होती, अंगात हुडहुडी भरत होती. हे तिने फक्त वहिनीला, उन्नतीला, सांगितलं होतं. सासूबाईंना कळलं तर त्या आजच्या आज बाळाला घेऊन जातील ही एक भीती, आणि आई चिडेल ही दुसरी.

"जुन्या कापडात काय ठेवता विहीणबाई, मी झबलं आणलंय," माधवीताई पिशवीतून नवं झबलं काढत म्हणाल्या. "हे घालून पाळण्यात ठेवू या."

"आज ऱ्हाव द्या ना," धोंडूबाई घाईने पुढे झाली. "जुनेर मऊ असतंय. नवा कापूस टोचंल पोराला."

"धुऊन आणलंय हो. द्या इकडे."

त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि बोलता बोलता जुनेराची गाठ सोडली. गाणं म्हणणाऱ्या बायका एकेक करून थांबल्या.

बाळाच्या काखेत, जांघेत आणि बेंबीच्या भोवती पाण्याने भरलेले फोड होते. काही फुटले होते आणि तिथली कातडी सोलवटून लालबुंद झाली होती. माधवीताईंनी बाळाच्या कपाळाला हात लावला. मग त्यांनी बाळाच्या तळपायावर बोटाने टिचकी मारली. बाळाने पाय ओढून घेतला नाही, रडलंही नाही.

"हे कधीपासून आहे?"

"घामोळं हाय वो ते," धोंडूबाई म्हणाली. "गरमी किती हाय."

"घामोळं असं नसतं. मीही एक पोर वाढवलंय. मृणाली, कधीपासून?"

मृणालीने आईकडे पाहिलं आणि मग मान खाली घातली. "परवापासून," ती म्हणाली. "आधी एकच होता."

"आणि तू मला फोनवर म्हणालीस, मजेत आहे!"

"आई, आत्ता नको ना," अथर्व दारातून पुढे आला. बाप होऊन बारा दिवस झाले होते आणि अजून त्याला बाळ नीट धरता येत नव्हतं. "लोक आहेत. कार्यक्रम आटपू, मग बघू."

"लोक गेले खड्ड्यात! अंगाला हात लाव त्याच्या. लाव!"

अथर्वने हात लावला आणि त्याचा चेहरा उतरला.

इकडे धोंडूबाई अजून हरायला तयार नव्हती. "गावदेवीचा अंगारा लावलाय मी. उष्णता हाय, दोन दिसांत बसंल. आमची पोरां न्हाय का वाढली?" तिने मदतीसाठी मुलाकडे पाहिलं. "भावेश, सांग ना रे तू."

भावेश म्हणाला, "हां, म्हणजे, संध्याकाळी दाखवू डॉक्टरला. एवढं काय न्हाय वाटत."

आणि तेव्हा उन्नती बोलली. अंबाडी गावची ही पोरगी, भावेशची बायको, लग्न होऊन आल्यापासून सासूसमोर वर तोंड करून कधी बोललेली कोणी ऐकली नव्हती. पण सकाळपासून ती मृणालीचं लपवलेलं रडं पाहत होती, आणि तिचं स्वतःचंही अंग ठणकत होतं.

"मला काखेत गळू झालंय," ती म्हणाली. "हात खाली घेता येत नाही. आई, तुमच्या बोटाला पण पू झालाय."

"नखुरडं हाय ते!" धोंडूबाईने बोट मुठीत लपवलं. त्या बोटावर काल रात्रीपर्यंत तिने लिंबू खोचून ठेवलं होतं.

"तुम्हाला नखुरडं. मला गळू. ताईंची छाती सुजलीय, तापाने फणफणल्यात त्या. तात्यांच्या पायातून पू. सगळ्यांना एकदमच कशी काय उष्णता झाली?"

"उन्नती, गप बस," भावेश म्हणाला.

"मी नाही बसणार गप. तुम्ही सांगा आधी, तात्यांना पट्टी करायला नेलं होतं तेव्हा डॉक्टर काय बोलले? मी गाडीत बसले होते, तुम्ही आत होता."

भावेशला त्या क्षणी खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर बरंच काही बोलला होता. हे जंतू ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलातनं लागतात, नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत, घरी सांभाळायला पाहिजे, असं सगळं. आणि नेमका तेव्हा गोडाऊनच्या वॉचमनचा फोन आला होता, कंटेनर गेटमध्ये फसलाय, रस्ता जाम झालाय, शेठ जल्दी आओ. भावेशने एका कानाला फोन लावला होता आणि दुसऱ्या कानाने डॉक्टरला हां हां म्हणत होता. घरी येऊन त्याने आईला एका वाक्यात निरोप दिला होता आणि कामाला निघून गेला होता.

"जंतू हायेत बोलला," भावेश म्हणाला. "घरात पसरतात बोलला. मी सांगितलं होतं आयला. तात्यांचं सगळं वेगळं ठेव म्हणून."

"मंग ठेवलंच ना मी वेगळं!" धोंडूबाईचा आवाज चढला. "ताट वेगळं. तांब्या वेगळा. गिलास वेगळा. त्यांचं उष्टं कुत्र्याला पन घातलं न्हाय. आनि बाळंतिणीच्या खोलीत एका मानसाला पाय टाकू दिला न्हाय सोयर फिटंपरेंत. तात्यांनी अजून नातवाचा तोंड बगितला न्हाय! विचारा कोनाला पन!"

यातला शब्दन् शब्द खरा होता. सोयर पाळावं तर धोंडूबाईने. हिरामणची पट्टी बदलली की ती अंघोळ करायची, ओल्या केसांनीच लेकीच्या खोलीत जायची, बाळाला तेल लावायची, शेक द्यायची. वेगळं म्हटल्यावर तिला खाण्यापिण्याचं वेगळं कळलं होतं, शिवण्याचं वेगळं कळलं होतं, आणि त्यात तिने तसूभर कसूर केली नव्हती.

पलीकडच्या खोलीतून हिरामणची हाक आली. "कंचा नाव ठेवला रं पोराचा?" तापाने त्याचा आवाज बसला होता. "मना कोनी सांगल का न्हाय?"

माधवीताईंनी बाळाला आपल्या पदरात घेतलं होतं आणि त्या दाराकडे निघाल्या होत्या. "अथर्व, गाडी काढ. मृणाली, तूही चल. आहेस तशी चल."

"माझी काढतो," भावेश म्हणाला. "मला रस्ता माहीत आहे."

रस्ता माहीत असून काय होणार होतं! अंजूरफाट्यापासून कशेळीच्या पुलापर्यंत कंटेनरला कंटेनर लागले होते. त्यातले किती भावेशच्याच गोडाऊनकडे निघालेले असतील कोण जाणे. तो हॉर्नवरचा हात काढत नव्हता आणि खिडकीतून ड्रायव्हरांना आईबहिणीवरून शिव्या देत होता. मागच्या सीटवर माधवीताई बाळाच्या नाकासमोर बोट धरून बसल्या होत्या. मृणाली दाराला डोकं टेकून बसली होती. धोंडूबाई तिच्या शेजारी होती, आणि तिला कोणी चल म्हटलेलं नव्हतं.

ठाण्याच्या हॉस्पिटलात बाळाला काचेच्या आत ठेवलं. मृणालीलाही दाखल करून घेतलं. तिच्या छातीतलं गळू कापून पू काढावा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाच्या डॉक्टरीणबाई तिच्या खोलीत आल्या, वयाने उन्नतीएवढ्या असतील. माधवीताई आणि अथर्व तेव्हा औषधं आणायला खाली गेले होते. मृणालीच्या उशाशी धोंडूबाई बसली होती. तिच्या बोटाला आता पांढरी पट्टी होती.

"रक्तात गेलेत जंतू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आपण जोराचं औषध सुरू केलंय. पण बाळ फार लहान आहे. मला एक सांगा, बाळाचे आजोबा त्याला घेत होते का?"

"न्हाय," धोंडूबाई म्हणाली. "एकदा पन न्हाय."

"पट्टी कोण करतं त्यांची?"

"मी. पन मी अंघोल करते मंग."

"बरं करता. तुमचं बोटही कारण असू शकतं, पण तेवढंच असेल असं नाही. मोठ्यांच्या अंगावर हे जंतू नुसतेच बसून राहतात, कधी गळू होतं, कधी काहीच नाही. टॉवेल, चादरी, पट्टीखालची फडकी, यावर ते टिकतात. साध्या धुण्याने जात नाहीत. आजोबांचं असं काही कापड बाळाच्या अंगाला लागलं होतं का?"

धोंडूबाईने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंना आतून बोलावणं आलं आणि त्या गेल्या.

"आय," मृणाली हळूच म्हणाली. "ती लुंगी."

"धुतली होती ग मी." धोंडूबाईच्या आवाजात जीव नव्हता. "साबन लावून धुतली. उन्हात वालवली. त्यांच्या पायाखाली असायची, मऊ झालेली. अर्धी फाडून त्यांच्याच पायाखाली घातली. अर्धीची पोराला चार जुनेरां केली."

"मी नको बोलले होते तुना."

"बोलली होतीस."

"मी बोलले, मी नवे कपडे आनलेत, धुऊन ठेवलेत. तू बोललीस, आज्याचं जुनेर अंगाला लागलं का पोर आज्याएवढं जगतंय."

"माज्या आयशीने तुला तुज्या आज्याच्या धोतरात गुंडालली होती." धोंडूबाई रडत नव्हती, नुसती सांगत होती. "भावेशला पन. म्हातारा नव्वदीला टेकला होता. मना वाटलं, तात्यांना पन धीर येल. पोर दाखवता येत न्हवतं सोयरात, तर मी बोलले, तुमचा कापड हाय त्याच्या अंगावर. हसले ते. पाय मोडल्यापासून पयल्यांदा हसले."

मृणालीने डोळे मिटून घेतले. तिला आईचा इतका राग आला होता की तिच्याकडे पाहवत नव्हतं. आणि आई मोडलेल्या आवाजात अजून बोलतच होती, जंतू म्हंजे काय मना काय ठावं, वेगळं बोलले तर वेगळं ठेवलं, कापडाचं कोनी सांगितलं न्हाय. ते ऐकताना मृणालीला त्या रागाचं काय करावं हेही कळेना.

"तात्यांना सांगशील?" तिने शेवटी विचारलं.

"सांगितलं तर ते उरतील का?" धोंडूबाई म्हणाली.

बाळ त्याच दिवशी दुपारी गेलं.

डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा सगळे पॅसेजमध्ये उभे होते. अथर्व भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने कपाळ भिंतीला लावलं. भावेश खुर्चीवर बसला, उठला, परत बसला. माधवीताई जन्मभर वर्गावर उभ्या राहिलेल्या, सगळ्यांना वाटलं त्या आता आवाज चढवतील. पण त्या बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता.

"डॉक्टर म्हणाल्या, आजोबांचं कापड," त्या म्हणाल्या. "मी आत्ता त्यांना विचारलं, कशाने झालं. त्या म्हणाल्या, नक्की नाही सांगता येत, पण बहुतेक पट्टीखालचं कापड." त्यांनी धोंडूबाईकडे पाहिलं. "मी सोडलं ना काल माझ्या हाताने, ते मऊ जुनेर. ते व्याह्यांचं होतं का?"

धोंडूबाई पुढे झाली. तिने हात जोडले होते. "विहीणबाय—"

"माझं काम आहे ते," मृणाली म्हणाली.

सगळे वळले. ती खोलीच्या दारात उभी होती, एका हाताला सलाईनची सुई तशीच होती. सासूबाईंशी बोलताना ती नेहमीच तोलून मापून बोलायची, तशीच आताही बोलली.

"मी मागितलं होतं तात्यांचं कापड. आमच्याकडे समजतात की आजोबांचं जुनेर घातलं की बाळाला त्यांचं आयुष्य मिळतं. आई नको म्हणत होती. तात्यांची जखम वाहतेय, त्यांचं काही नको, असं म्हणत होती. मीच हट्ट केला."

"न्हाय—" धोंडूबाई म्हणाली.

"आई, तू राहू दे. मला वाचवायला बघू नकोस."

माधवीताई सुनेकडे पाहत राहिल्या. हिला त्यांनी स्वतः निवडलं नव्हतं, पण चार माणसांत आमची सून एम.एस्सी. झालेली आहे हे त्या अभिमानाने सांगायच्या. "तू?" त्या म्हणाल्या. "धोंडूबाईंनी केलं असतं तर मी समजले असते गं. त्यांना काय माहीत! पण तू शिकलेली ना? तुला कळायला नको?"

"हो," मृणाली म्हणाली. "कळायला हवं होतं."

अथर्वने भिंतीवरचं कपाळ काढलं. त्याने बायकोकडे पाहिलं. आईच्या खांद्याला धरून तो तिला पॅसेजच्या पलीकडे, जिन्याच्या बाजूला घेऊन गेला, आणि तिकडेच तिच्याजवळ बसला. इकडे परत आला नाही. भावेश बहिणीजवळ यायला निघाला, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबला आणि कागदपत्रांचं बघायला म्हणून खाली उतरला.

धोंडूबाई लेकीजवळ गेली. "कशाला बोललीस तसं?" ती कुजबुजली. "मी सांगते जाऊन. आता जाते, पाय धरते त्यांचे. तुजा संसार हाय, पोरी. जावईबापू तिकडं गेले, बगितलंस का?"

"बगितलं."

"मंग? मना शिव्या देव दे त्यांना. मारू दे. मी केलंय."

"तू केलंस हे त्यांना कललं तर आज ना उद्या तात्यांना कललं, आय. त्यांच्याच कापडानं पोर गेलं, आनि तू घातलंस, हे त्या अंथरुनात पडून ते कसं ऐकतील? मी हट्ट केला बोललं तर ते मना दोष देतील. देव देत. माजा काय उरलाय आता? तू घरी जा. त्यांची पट्टी बदलाची असंल. फडकी गरम पान्यात उकलून घे, जालून टाक, काय ते कर. उन्नतीला सांग. आनि तात्यांना पोर बरं हाय बोल अजून दोन दिस."

"आनि तू?"

"मी बगते माजं."

धोंडूबाईच्या तोंडून एकदम हुंदका फुटला, इतका वेळ अडकलेला. तिने लेकीला पोटाशी धरायला दोन्ही हात पुढे केले.

मृणाली मागे सरली. "हात नको लावू मना."

ती वळली आणि आत गेली, आणि दार लोटून घेतलं. आजारापायी बोलली की कायमचंच बोलली, हे दार ढकलून विचारण्याची धोंडूबाईची छाती झाली नाही.